माळव्याचा लाव्हा आणि यलोस्टोनचे फवारे

अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात शिरल्यावर आमच्या मुलीने पहिला प्रश्न केला तो ‘ज्वालामुखी कुठे आहे?’ असा. प्रश्न रास्तच होता, कारण शंकूसारखा डोंगर तेथे कोठेच दिसत नाही. सुमारे 6 लाख 40 हजार वर्षांपूर्वीच्या महास्फोटानंतर जमीनच खाली खचली आणि आज प्रवासी त्या विस्तीर्ण खळग्याच्या आतूनच फिरत असतात.

खरे तर आम्हा इंदूरकरांना लाव्हाचे अप्रूप वाटू नये. आमच्या जवळचा पाताळपाणी धबधब्याचा कडा आणि शेतांतली काळी माती ही दोन्ही दख्खनच्या बेसाल्टची, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या काळ्या खडकाचीच देणगी. मात्र तो लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, केव्हाच निवालेला. यलोस्टोनखालची उष्णता अजून शाबूत आहे. खडकातला फरक मला त्याहून रंजक वाटतो. तेथील रायोलाइट या ज्वालामुखी खडकात सिलिका (वाळूतले मुख्य खनिज द्रव्य) भरपूर असते. तापलेले पाणी ती विरघळवून वर आणते, ती भेगांच्या आतून थराथराने बसते आणि दाब सोसणाऱ्या घट्ट नळ्या तयार होतात. लाकडी पायवाटेच्या कडेला दिसणारा करडा-पांढरा, खरबरीत पापुद्रा त्याच सिलिकेचा. अरुंद नळीत कोंडलेले पाणी दाबामुळे उकळू शकत नाही. वरचे थोडे पाणी उसळून सांडले की दाब उतरतो आणि खालच्या पाण्याची एकदम वाफ होते.

‘ओल्ड फेथफुल’ या उन्हाळ्या पाण्याच्या प्रसिद्ध फवाऱ्यासमोर हे जसेच्या तसे पाहायला मिळाले. आधी नुसतेच हातभर पाणी उसळून बसले, तेव्हा सासूबाई ‘झाले का एवढ्यातच?’ असे म्हणाल्या. त्यानंतर मात्र फवारा जो चढला तो गर्दीचा कलकलाट थांबवूनच. तो 30 ते 55 मीटर उंच जातो, आणि आधीचा फवारा किती वेळ चालला यावरून उद्यानाचे कर्मचारी पुढची वेळ वर्तवतात.

‘अगं, एवढे ऊन पाणी आणि यांनी साधे एक कुंड बांधू नये?’ ही सासूबाईंची तक्रार मात्र शेवटपर्यंत कायम राहिली. उद्यान समुद्रसपाटीपासून बरेच उंचावर असल्याने तेथे पाणी सुमारे 93 अंश सेल्सिअसलाच उकळते, तरी अंग भाजायला तेवढे पुरे. शिवाय कुंडांभोवतीचा पापुद्रा ठिसूळ असल्याने पायवाट सोडण्यास सक्त मनाई आहे. अशाच ऊन पाण्यात 1960च्या दशकात सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ थॉमस ब्रॉक यांना ‘थर्मस अ‍ॅक्वाटिकस’ हा जीवाणू सापडला, आणि त्याच्या विकरावर (एन्झाइमवर) पुढे डीएनएच्या असंख्य प्रती काढण्याचे पीसीआर तंत्र उभे राहिले. ‘ग्रँड प्रिझमॅटिक’ कुंडाच्या काठाचे केशरी-पिवळे रंगही उष्णताप्रिय सूक्ष्मजीवांचेच आहेत, मात्र जवळून वाफेमुळे ते नीट दिसत नाहीत. फेअरी फॉल्स या धबधब्याच्या वाटेवरून थोडे चढून गेल्यास पूर्ण कुंड नजरेत येते.