हजर पर्वतात जयकरांना शोधताना

मस्कतला येऊन तीन वर्षं झाली, तरी हजर पर्वत माझ्या लेखी खिडकीबाहेरचा तपकिरी पसारा होता. ना झाड, ना गवत. मग कळलं, इथल्या रानबोकडाचं शास्त्रीय नाव ‘अरबिट्रागस जयकरी’! मस्कतमध्ये सर्जन असलेल्या आत्माराम सदाशिव जयकरांनी नमुने ब्रिटिश म्युझियमला दिले आणि १८९४ मध्ये त्यांच्या नावाने या अरबी ताहरची नोंद झाली. आता घरी बसणं शक्य नव्हतं.

एप्रिलमधल्या एका शुक्रवारी पहाटे मित्राच्या फोर बाय फोरने निघालो. साध्या गाडीला डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या बिरकत अल मौझच्या चौकीवरूनच परत पाठवतात. समाईलच्या खिंडीत दोन्हीकडे काळपट, चुरा झाल्यासारख्या टेकड्या. आपला सह्याद्री लाव्हाच्या थरांचा. इथे मात्र समुद्रतळ आणि त्याच्याही खालचा खडक जमिनीवर चढून बसलाय. पुढे हजरचाच भाग असलेल्या जबल अखदरला राखाडी चुनखडी लागते, तीही जुन्या समुद्रात साचलेली. वाळवंटात आलोय की वाळलेल्या समुद्रात, असा प्रश्न पडतो.

साधारण २००० मीटरवर सैकचं पठार. मस्कतमध्ये घामाने भिजलेला शर्ट इथे वाळला आणि वर जॅकेट चढलं. उतारांवर जुनिपरची वाकडी झाडं, पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांत डाळिंबं आणि गुलाब. पाणी फलजमधून, म्हणजे दगडी पाटांतून खेळवलेलं. आमच्याकडच्या कोकणी पाटाचीच आठवण झाली.

दुर्बीण लावून दोन तास कडे चाळले. ताहर ओमान आणि अमिरातींमधल्या या डोंगरांशिवाय कुठेच नाही. त्याला नियमित पाणी लागतं, आणि त्याच्या चाऱ्यावर पाळीव शेळ्याही ताव मारतात. दिसल्या त्या शेळ्याच. त्यातल्या एकीने आमची केळी सालासकट संपवली, मित्र मात्र तिलाच ‘ताहर’ म्हणून फोटो काढत होता.

उतरताना वादीतल्या, म्हणजे एरवी कोरड्या असणाऱ्या नदीपात्रातल्या, डबक्यापाशी पाय बुडवून बसलो. समोरच्या दगडावर शेपटीसकट हातभर लांबीचा, हिरवट-राखाडी सरडा ऊन खात होता. मी हललो तसा फटीत गेला. फोटो धूसरच आला. रात्री तो पुस्तकातल्या चित्राशी ताडून पाहिला : ओमानोसॉरा जयकरी.