फूल नेमकं कधी मेलं?

नेदरलँड्समध्ये ट्यूलिपचे कंद उन्हाळ्यात जमिनीतून काढून 20 अंशांच्या आसपास साठवतात. बाहेरून कंद निपचित वाटतो, पण त्याच दिवसांत त्याच्या पोटात पाकळ्या, पुंकेसर आणि शेवटी स्त्रीकेसर तयार होतात. स्त्रीकेसर दिसला की ‘जी’ टप्पा आला. मग कंद थंडीत. हे ओळखायला नमुन्याचे कंद कापतात. कापलेल्या कंदाचं पुढे काय झालं असतं, ते कधीच कळत नाही. आम्ही एमआरआयने तोच कंद थंडीआधी, मध्ये आणि नंतर बघतो.

हे दिसतं तेवढं सरळ नाही. 5 अंशांच्या खोलीतला कंद एमआरआयच्या चुंबकात तापला, तर पाण्याचा टी-2, म्हणजे त्याचा संकेत विरायला लागणारा वेळ, तापमानामुळेच बदलतो. म्हणून नमुन्याभोवती सतत थंड हवा खेळवावी लागते. पापुद्र्यांमधल्या हवेने प्रतिमा वेडीवाकडी होते, त्यासाठी स्पिन-एको ही असा बिघाड कमी करणारी स्कॅनची पद्धत. कंदाची एक बाजू चपटी असते, ती दर वेळी त्याच दिशेला ठेवायची. आमच्या तंत्रज्ञाने ही घडी इतकी चोख बसवलीय की आठवड्यांच्या अंतराने काढलेल्या प्रतिमा एकमेकींवर तंतोतंत बसतात.

परवा थंडीतल्या एका कंदात कोंबाच्या मधोमध काळा डाग दिसला. साल निरोगी, कंद घट्ट, प्रतिमेत पानं उजळ. फक्त फुलाच्या जागी पाण्याचा संकेतच नाही. कापून पाहिलं. तांदळाच्या दाण्याएवढं, तपकिरी, वाळलेलं फूल.

माझा संशय इथिलीन वायूवर आहे. फ्युजॅरियम बुरशीने कुजलेला एखादा कंद पेटीत असला, तरी त्यातून निघणाऱ्या इथिलीनने शेजारच्या धडधाकट कंदांतली फुलं मरतात. पण हे साठवणीत घडलं, की आमच्याकडे आल्यावर? फूल इतकं लहान राहिलं, म्हणजे आधीच मेलं असावं. ‘असावं’ यावर माझं समाधान होत नाही. थंडीआधीचं स्कॅन असतं तर लगेच उत्तर मिळालं असतं. त्या दिवशीची आमची वेळ ऐनवेळी दुसऱ्या प्रकल्पाला दिली गेली. वाढणाऱ्या जिवाची तारीख पुढे ढकलता येत नाही, हे यंत्राचे तास वाटणाऱ्यांना कितीही सांगा, पटत नाही.

त्याच पेटीतले काही कंद तुलनेसाठी उबेत ठेवलेत. ते आमच्या थंड खोलीत गेलेलेच नाहीत. त्यांच्यातही असाच डाग निघाला, तर दोष साठवणीकडे जाईल. पण फार काळ उबेत राहिलेल्या कंदातलं फूल आपणहूनही सुकतं, त्यामुळे तो पुरावा निम्माच. तरी शुक्रवारची वेळ मिळालीय, ते सगळे स्कॅन करणार आहे.