फेस गेला, मग उरलं काय?

कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये मी २२ वर्षं असिस्टंट होते. आम्लाच्या बाटल्या भरायच्या, ब्युरेट धुवायच्या, मुलांनी सांडलेलं पुसायचं. आणि घरी मात्र दर रविवारी सिंकमध्ये खायचा सोडा टाकून त्यावर व्हिनेगर ओतायचे. फसफस फेस वर यायचा, मला वाटायचं आत काहीतरी जबरदस्त चाललंय.

एकदा लेक शेजारी उभी होती, नववीत असेल. म्हणाली, "आई, फेस गेला. मग उरलं काय?"

मी तोंड उघडलं आणि मिटलं. उत्तर मला पाठ होतं, पण स्वतःच्या सिंकपाशी उभं राहून ते कधी आठवलं नव्हतं. व्हिनेगरमध्ये साधारण ५ टक्के अ‍ॅसिटिक आम्ल असतं. सोडा अल्कधर्मी. दोघं भेटले की एकमेकांना मारतात. कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, मागे राहतं पाणी आणि सोडियम अ‍ॅसिटेट नावाचं एक मवाळ मीठ. हिशेबच करायचा तर १०० मिली व्हिनेगर संपवायला ७ ग्रॅम सोडा पुरतो, म्हणजे जेमतेम दीड चमचा. थोडं पाणी वाटीत काढून आम्ही दोघींनी गॅसवर आटवलं. तळाला पांढरा थर राहिला. "म्हणजे तू मिठाच्या पाण्याने सिंक धुतेस," लेक म्हणाली. लॅबमध्ये मुलांना इतकं स्पष्ट बोलता आलं असतं तर बरं झालं असतं.

तेव्हापासून माझ्या कपाटात दोघांचे कप्पे वेगळे. आंबट एकीकडे, सोडा दुसरीकडे. डाग बघायचा आणि मगच हात घालायचा.

पांढरा, खरखरीत थर म्हणजे पाण्यातले क्षार, मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. त्याला आंबटच लागतं. शॉवरची जाळी निम्मी बुजली होती तेव्हा प्लास्टिकच्या पिशवीत व्हिनेगर भरून ती जाळीभोवती रबरबँडने बांधली आणि चहा प्यायला बसले. तासाभराने जुन्या टूथब्रशचे चार हात मारले, पुरे झाले. किटलीसाठी मी सायट्रिक अ‍ॅसिड वापरते, कारण व्हिनेगरचा वास घरभर फिरतो. अर्धा लिटर पाण्यात एक चमचा, उकळी आणायची, वीसेक मिनिटं तसंच ठेवायचं, मग दोनदा खळखळून धुवायचं. घासायचं नाही. लोक घासून घासून दमतात. हे काम थांबण्याचं आहे.

तेलकट, चिकट, जळकं असेल तर सोडा. करपलेल्या स्टीलच्या पातेल्यात पाणी आणि दोन चमचे सोडा घालून दहा मिनिटं उकळलं की करप पापुद्र्यांनी सुटते. अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्याला हे करू नका, ते काळं पडतं. गॅसमागच्या टाइल्सवरचा जुना, पिवळा पडलेला तेलाचा थर मात्र खायच्या सोड्याला दाद देत नाही. तिथे धुण्याचा सोडा, कोमट पाणी आणि हातात मोजे. पीएच म्हणजे आम्ल-अल्कतेचं माप, आकडा जितका मोठा तितकं अल्क तीव्र. खायच्या सोड्याचा पीएच आठच्या थोडा वर, धुण्याच्या सोड्याचा अकराच्या आसपास. आणि हे माप असं आहे की एकेका आकड्याला दहापटीचा फरक पडतो. मोजे का, ते यातच आलं.

तुंबलेल्या सिंकचं काय, तर जाळी उचलायची आणि वाकवलेल्या तारेने केसांचा गोळा ओढून काढायचा. किळसवाणं आहे, पण फुकट आहे.

काळ्या पडलेल्या चांदीच्या चमच्यांसाठी एक गंमत सांगते, कारण ती मला अजून आवडते. भांड्यात अ‍ॅल्युमिनियमची फॉइल, त्यावर चमचे फॉइलला टेकतील असे, वरून कडकडीत पाणी आणि सोडा. काळेपणा म्हणजे चांदी आणि गंधकाचं संयुग. त्यातला गंधक अ‍ॅल्युमिनियम ओढून घेतं आणि चांदी जागच्या जागी राहते. पॉलिशने घासलं की दर वेळी थोडी चांदी फडक्यावर जाते, इथे ती जात नाही. थोडा सडक्या अंड्याचा वास आला तर खिडकी उघडा.

आणि खिडकी उघडून भागणार नाही अशी एक गोष्ट. ब्लीचमध्ये व्हिनेगर, लिंबू किंवा कुठलंही आंबट कधीही मिसळू नका. क्लोरीन वायू सुटतो. लॅबमध्ये त्यासाठी बंदिस्त कपाट आणि एग्झॉस्ट होता, बाथरूममध्ये तुमचं नाक असतं. अमोनिया असलेलं काचेचं क्लीनर आणि ब्लीच, ही जोडीही तितकीच वाईट. आणखी एक, व्हिनेगर म्हणजे जंतुनाशक नव्हे. कच्चं मांस चिरलेला पाट साबणाने आणि गरम पाण्यानेच धुवायचा.

एवढं शहाणपण आल्यावरही मी एक घोळ घातलाच. संगमरवरी टेबलावर चहाच्या कपाचा डाग होता, त्यावर लिंबाची फोड फिरवली. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, तोच किटलीतला थर, हे आठवेपर्यंत चकाकी गेली होती. डाग गेला, हे मान्य. त्या जागी आता मनीप्लांटची कुंडी ठेवली आहे. लेक घरी आली की कुंडी उचलून बघते आणि काही न बोलता परत ठेवते.