दिसंना काहीच

२९ एप्रिल २०१९, सोमवार, सकाळचे साडेसहा. एप्रिल संपता संपता परभणीत या वेळेला ऊन भिंतीवर चढलेलं असतं. आम्ही काका-पुतणे मात्र खिडकीला गोधडी खोचत होतो. अमेरिकेत रविवारची रात्र होती आणि तिथं ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या इंग्रजी मालिकेच्या आठव्या सीझनचा तिसरा भाग लागत होता, ‘द लाँग नाइट’. जित्या माणसांची मेलेल्यांच्या फौजेशी लढाई. २०११ पासून हिचीच भीती घालत आले होते. आणि आता ऐन वेळी पडद्यावर काय दिसावं, तर पुतण्याचं बनियन. काळ्या काचेत आमचीच तोंडं. गोधडीचा टाका उसवला होता तिथून आलेला कवडसा नेमका विंटरफेल किल्ल्याच्या तटावर पडलेला.

भाकरी थापायचा आवाज थांबला. पिठाच्या हातांनी माय दारात आली.

“काय बघायलाव रे अंधारात? टीव्ही बिघडला का?”

“नाही गं, लढाई चालू आहे.”

“कुठाय?”

तिचा प्रश्न साऱ्या जगाचा होता, हे दुपारी मोबाइलवर कळलं. पंचावन्न रात्री उघड्यावर चित्रीकरण करून ब्याऐंशी मिनिटांचा भाग केलेला आणि जो तो विचारतोय, दिसंना का? कॅमेरामन फेबियन वॅगनरनं प्रेक्षकांच्या टीव्हीच्या सेटिंगला बोल लावला. आमचा टीव्ही हप्त्यावरचा, त्यानं मुकाट ऐकून घेतलं. त्यात मोबाइलच्या डेटावर खेचलेलं चित्र, म्हणजे अंधारालाही चौकोनी ठिगळं. गोधडी खिडकीला होती, तशी पडद्यावरही.

एक प्रसंग मात्र उन्हालाही पुरून उरला. जित्यांच्या बाजूचे डोथ्राकी घोडेस्वार रांगेनं उभे आहेत, मेलिसांद्रे नावाची जादूगारीण येते, मंत्र पुटपुटते आणि सगळ्यांच्या वाकड्या तलवारी एकदम पेट घेतात. दौड सुरू होते. दूर जाणाऱ्या ज्वाळांची एक ओळ. मग ती ओळ कशावर तरी आदळते आणि ठिणग्या एकेक करून विझत जातात. आरडाओरडही लांबून येते, पातळ होते, थांबते. तटापाशी उभे असलेले नुसते बघतात. मग काही घोडे मोकळ्या पाठीनं परत येतात. मारणारा दिसतच नाही. एवढा वेळ कुरकुरणारे आम्ही दोघं गप्प झालो.

माय अजून दारातच होती. “रात्रीचं लढायचं तर दिवे नकोत का? आपल्या युद्धात होते,” म्हणाली. बरोबर आहे तिचं. द्रोणपर्वात चौदाव्या दिवशी सूर्य बुडाला तरी कुणी थांबलं नाही. कौरवांनी रथाला पाच, हत्तीला तीन, घोड्याला एक असा दिव्यांचा हिशेब मांडला. पांडवांनी रथाला दहा लावले. घटोत्कच पडला तो त्याच रात्री, आणि पडता पडताही कौरवांच्या सैन्यावर पडला.

मला आठवला देवगिरी. सातवीच्या सहलीला एसटीनं गेलो होतो. तिथं अंधारी आहे, डोंगराच्या पोटातला वळणावळणाचा काळोखा रस्ता. वाटाड्यानं मध्येच टेंभा विझवला आणि चाळीस पोरं एकमेकांच्या दप्तराला धरून उभी. वर वटवाघळांचा वास. शत्रू खंदक ओलांडून आलाच, तर त्याला या काळोखात चाचपडायला लावायचं, ही त्यामागची अक्कल. म्हणजे किल्ल्याला काळोख आत हवा, परक्यासाठी राखून ठेवलेला. विंटरफेलच्या शहाण्यांनी आपलीच फौज तटाबाहेर काळोखात उभी केली आणि दगडफेकीची यंत्रं तिच्याही पुढं मांडली! आमच्या गल्लीत कबड्डीची टीमसुद्धा कुणी अशी लावणार नाही.

शेवटी विंटरफेलचीच पोरगी आर्या झेपावते. मेलेल्यांचा राजा नाइट किंग तिचा गळा धरतो, खंजिराचा डावा हातही धरतो. ती खंजीर सोडते, खाली उजव्या हातात झेलते आणि खुपसते. तो काचेसारखा फुटतो, सगळी मेलेली फौज जागच्या जागी कोसळते. पुतण्या पलंगावर उभा राहून ओरडला.

माय म्हणाली, “एका पोरीनंच करायचं होतं, तर एवढी माणसं कशाला मारली?” आणि भाकरी करपल्याच्या वासानं आत पळाली.

त्या रात्री साडेदहाला लाईट गेली. सगळे गच्चीवर. चैत्रातला वद्य पक्ष, चंद्र पहाटेच्या आधी उगवायचा नव्हता. बाजूच्या गल्लीतही मिणमिण नाही. मी मोबाइल काढला आणि तोच भाग पुन्हा लावला. या वेळी तट दिसला, धुकं दिसलं, घोड्यांच्या नाकातली वाफ दिसली. शेजारच्या अंथरुणावर माय कुशीवर वळली.

“सकाळचंच का ते?”

“हं.”

“आता दिसायलंय की.”

मोबाइल तिच्या हातात दिला. तलवारी पेटल्या. तिनं तो डोळ्यांजवळ नेला. ज्वाळा विझत गेल्या तसतसा तिच्या तोंडावरचा उजेडही कमी होत गेला.

“घोडेच आले परत,” ती म्हणाली. “बंद कर. त्यांच्या घरच्यांना कोण सांगायलंय आता.”