माउंटरूटवर थांबलेली डिस्क

मंगळवार, रात्र

स्क्रीनवरची शेवटची ओळ ‘माउंटरूट’, पुढे लुकलुकणारा कर्सर. म्हणजे मूळ फाइल सिस्टीम कुठून घ्यायची, ते मशीन विचारतंय. आपला कर्नल (सिस्टीमचा गाभा) घालून बांधलेली फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमची इन्स्टॉल डिस्क अडली की बहुतेकदा इथेच अडते. लगेच नवा बिल्ड (सोर्समधून पुन्हा बांधणी) लावायला हात शिवशिवतात, पण तो तासन्‌तास चालणार. त्याआधी या प्रॉम्प्टला जरा बोलतं करावं. कर्नल चढलाय, म्हणजे लोडर (कर्नल चढवणारा प्रोग्राम) आणि एल टोरिटोची (सीडीवरून बूट होण्याच्या मानकाची) बूट नोंद दोन्ही ठीक आहेत. तिकडे शोधत बसू नये.

प्रश्नचिन्ह टाइप करून एंटर दाबलं की कर्नलला दिसणारी डिस्क-उपकरणं उमटतात. सीडी० (पहिला सीडी ड्राइव्ह) दिसतंय, पण आयएसओ९६६०खालचं लेबल, म्हणजे डिस्कचं नाव, यादीत नाही, तर कर्नल कॉन्फिगमधून (कर्नलमध्ये काय घ्यायचं ते ठरवणाऱ्या फाइलमधून) जिऑम लेबलची, म्हणजे लेबल ओळखणाऱ्या भागाची, ओळ उडाली आहे. लेबल आहे पण नाव वेगळं, तर चूक एफएसटॅबमध्ये (काय कुठे माउंट करायचं त्याच्या यादीत). ‘अननोन फाइल सिस्टीम’ आलं, तर कर्नलमधून सीडी९६६०चा (सीडीची फाइल सिस्टीम वाचण्याचा) पर्यायच काढून टाकलाय. सीडी०सुद्धा नसेल, तर ड्राइव्हर किंवा कंट्रोलरकडे वळायचं. शक्य असेल तर तिथेच सीडी९६६०, कोलन आणि सीडी०चा पूर्ण मार्ग टाइप करावा. बूट पुढे सरकला की घोळ फक्त लेबलचा, हे मिनिटभरात पक्कं होतं.

लेबलचा घोळ होतो कसा, तर ते दोन जागी लागतं. इमेज बांधणारी स्क्रिप्ट लेबल मोठ्या अक्षरांत करून मेकएफएस या इमेज बनवणाऱ्या कमांडला देते आणि तेच डिस्कवरच्या एफएसटॅबमध्ये लिहिते. स्क्रिप्टमध्ये हात घालून एकच जागा बदलली की दोन्हींची फारकत होते. आयएसओ ९६६०मध्ये लेबलला ३२ अक्षरांची मर्यादा आहे. तारीख, आवृत्ती, शाखा असं सगळं त्यात कोंबायचा मोह टाळलेला बरा.

दुसरी चूक जास्त फसवी, कारण ती एररच देत नाही. कर्नल कॉन्फिग दुरुस्त केलं, बिल्डकर्नल (कर्नलची बांधणी) नीट झालं, रिलीज डिरेक्टरीत मेक रिलीज (डिस्क बांधणारी कमांड) चालवलं, आणि डिस्कवर कर्नल जुनाच! कर्नल.टीएक्सझेड, म्हणजे कर्नलच्या गठ्ठ्याची फाइल, आधीपासून ऑब्जेक्ट डिरेक्टरीत (बांधलेल्या फाइली ठेवायच्या जागी) पडलेली असते. फाइल आहे म्हटल्यावर मेक (बिल्ड चालवणारा प्रोग्राम) ती पुन्हा बांधत नाही. म्हणून दर वेळी रिलीज डिरेक्टरीत आधी मेक क्लीन करून जुनं पुसायचं. नुसतं आरएम (फाइल पुसणारी कमांड) चालवलं तर ‘परवानगी नाही’ असं उत्तर येतं, कारण काही फाइलींवर एसचेंज फ्लॅग (बदलायला बंदी करणारी खूण) असतो. तो आधी सीएचफ्लॅग्ज कमांडने उतरवावा लागतो. आणखी एक: कर्नकॉन्फचं (आपल्या कर्नल कॉन्फिगचं) नाव बिल्डकर्नलला दिलं तसंच मेक रिलीजलाही द्यायचं. विसरलं तर ते जेनेरिक हा नेहमीचा कर्नल शोधतं आणि असा कर्नल बांधलेलाच नाही म्हणून थांबतं. ही एरर निदान सरळ बोलते.

घाईत कर्नल.टीएक्सझेड हाताने बदलून डिस्क पुन्हा बांधली, तर ती बूट होते, कीबोर्ड विचारते, पार्टिशन पाडते आणि गठ्ठ्यांचे चेकसम (मजकुरावरून काढलेले पडताळणीचे आकडे) तपासताना कोसळते. यूएसआरखालच्या फ्रीबीएसडी-डिस्ट डिरेक्टरीत मॅनिफेस्ट नावाची साधी टेक्स्ट फाइल असते. दर ओळीत टॅबने वेगळे केलेले रकाने: फाइलचं नाव, शा-२५६ (हाच तो चेकसम), फाइलींची संख्या, मग गठ्ठ्याचं नाव आणि वर्णन. आत जुना शा-२५६ राहिला की इन्स्टॉलर तो गठ्ठा नाकारतो, आणि ते योग्यच आहे. मॅनिफेस्ट बनवणारी स्क्रिप्ट सोर्समध्येच आहे, ती पुन्हा चालवायची. हाताने आकडे भरू नयेत.

हे पाहायला डिस्क बूट करायची गरज नाही. टार या गठ्ठे उघडणाऱ्या कमांडला आयएसओ (डिस्कची इमेज) थेट वाचता येते. मॅनिफेस्ट आणि एफएसटॅब बाहेर काढून शा-२५६ आणि लेबल ताडून पाहायचं. मगच व्हर्च्युअल मशीन, एकदा बायोसवर (बूटची जुनी पद्धत), एकदा यूईएफआयवर (नवी), सीरियल कन्सोलचा लॉग फाइलमध्ये घेत.

उद्या बिल्डवर्ल्ड (कर्नल सोडून बाकी सिस्टीमची बांधणी) पडलं, तर लॉगच्या तळाशी पाहायचं नाही. अनेक जॉब (बांधणीची समांतर कामं) एकदम चालतात तेव्हा खरी एरर शेकडो ओळी वर राहते आणि तळाशी उरतात ते बाकीचे जॉब थांबल्याचे संदेश. वर सापडली नाही तर एकाच जॉबवर पुन्हा चालवायचं. वेळ लागतो, पण लॉग जिथे संपतो तिथेच चूक असते.