जाळ्यापेक्षा पिशवी

कोळ्याचं कौतुक होतं ते जाळ्यामुळे. मला विचाराल तर जाळं हा पोटापाण्याचा उद्योग. हातचं राखून न ठेवता केलेलं विणकाम पाहायचं असेल तर अंड्यांची पिशवी पाहावी. जळमटं काढताना झाडूला चिकटून येते ती पांढरट गोळी. बऱ्याच जातींत तिच्यासाठी मादीच्या पोटात रेशमाच्या वेगळ्या ग्रंथीच असतात. आधी ती गादी विणते, तिच्यावर अंडी घालते, वरून पांघरूण घालते आणि मग सगळं गुंडाळून टाकते. अंडी फलित होतात तीही घालताना. नराने दिलेलं बीज ती तोवर पोटात जपून ठेवते. त्यामुळे एकाच मीलनावर पुढे अनेक पिशव्या निघू शकतात.

नराचा सगळा कारभारच द्राविडी प्राणायाम. बीज निघतं पोटाखालून, पण ते मादीला द्यायचं तोंडाजवळच्या दोन आखूड पायांसारख्या अवयवांनी. म्हणून तो आधी एक चिमुकलं जाळं विणतो, त्यावर थेंब सोडतो, तो त्या अवयवांत ओढून घेतो आणि मग मादीच्या शोधात निघतो. तिने भक्ष्य समजू नये म्हणून कुणी तिच्या जाळ्याचे धागे ठरावीक तालात हलवतो, कुणी नाचतो. युरोपातल्या एका जातीचा नर रेशमात गुंडाळलेली माशी भेट नेतो. आत कधी कधी चोखून टाकलेला सांगाडाच निघतो, हा भाग वेगळा.

पुढचं सारं आईवर. लांबलचक काटकुळ्या पायांचा घरातला कोळी अंड्यांचा घोस जबड्यात धरून बसतो. बसते म्हणायला हवं, ती मादीच असते. लांडगा कोळ्याची मादी पिशवी मागे बांधून हिंडते, वेळ आली की ती स्वतः फाडते, आणि पिल्लं तिच्या पाठीवर चढतात. काही जातींत तर पिल्लं शेवटी आईलाच खाऊन टाकतात. त्यावर मी काही बोलणार नाही.

पिल्लं पांगतात तीही रेशमावरच. उंच जागी चढायचं, पोट वर उचलायचं, धागा सोडायचा, आणि वाऱ्यावर तरंगत निघायचं. १८३२ साली ‘बीगल’ जहाज किनाऱ्यापासून साठेक मैलांवर असताना त्याच्या दोरखंडांवर असे हजारो इवले कोळी उतरल्याचं डार्विनने नोंदवलं आहे.