भुजहून आलेला फोटो

बारा वाजून गेले, झोप येईना. पप्याने भुजहून फोटो टाकलाय, तळहातावर एक करडा दात, नखाएवढा, आणि खाली लिहिलंय, "दादा हेच का तुझे शार्कचे दात? साइटजवळच्या ओढ्यात पडलं होतं." बस, एवढंच.

झूम करून करून बघितला. कडेच्या बारीक खाचा स्पष्ट दिसायल्यात, मूळ एका बाजूनं झिजलंय पण टोक शाबूत. खराच आहे. कच्छमधे २ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रातले थर उघडे पडलेत आणि त्यात हे दात निघतात, हे मी त्याला किती वेळा सांगितलं असेल. आणि सापडला कोणाला? तर ओढ्यावर फिरायला गेलेल्या पप्याला.

आनंद झाला. खरंच झाला, पण त्याच्या आधी पोटात कळ आली त्याचं काय? जळतो का मी त्याच्यावर? नाही, तसं नसावं.

माझ्या डब्यातले सगळे विकत घेतलेले. मोरोक्कोतल्या खुरीबगाच्या फॉस्फेट खाणीतले ओटोडस या जुन्या शार्कचे दात, ५ कोटी वर्षांपूर्वीचे. एक मेगॅलोडॉन या राक्षसी शार्कचा दात, अर्धा तुटका म्हणून परवडला, त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला की ३६ लाख वर्षांपूर्वी संपलेल्या जनावराची धार अजून खरखर लागते. जीव आहे माझा त्याच्यावर. पण आलं ते सगळं कुरिअरनं, मातीतून माझ्या हातानं एकही उचललेला नाही. शार्कचा सांगाडा कूर्चेचा, तो कुजून जातो, दात तेवढे उरतात, आणि एकेका शार्कचे जन्मात हजारो दात गळतात. एवढे गळाले पण आमच्या शिवारात एक नाही.

पडणार तरी कसा. इथं मुरूम संपला की काळा पाषाण, ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. आपली विहीर खोदली तेव्हा सुरुंगाच्या ढिगाऱ्यात दिवसदिवस बसायचो, पांढरे चकचकीत स्फटिक मिळायचे, लाव्हा थंड होताना गॅसची जी भोकं राहिली त्यात तयार झालेले. सोबत पप्या असायचाच, चड्डीचे खिसे भरून घ्यायचा. तेव्हा बाबा... जाऊ दे.

म्हणजे ओढ्यात खाली बघत चालायची सवय त्याला तिथूनच लागली म्हणायची. इतर कोणी खडा म्हणून तुडवून गेला असता. त्यानं वाकून उचलला, आणि फोटो पहिला मला पाठवला.

शेवटी रिप्लाय केला. ॲसिड नको लावू, पाण्यात भिजव, मऊ ब्रशनं पुस, आणि नेमका कुठं सापडला ते आजच लिहून ठेव, जागा माहीत नसली तर अभ्यासाला अशा दाताचा फारसा उपयोग नसतो. लगेच उत्तर आलं, "दिवाळीत आणतो, तूच ठेव."

नको म्हणलं, तुझा आहे, तुझ्याकडंच ठेव. रूमवर एका माणसाची सोय होईल का तेवढं विचारलं. तूर निघाली की जातो. आईला उद्या सांगेन.